आधी निदान रेषा पाहा, मग सही करा

पत्र (संक्षिप्त रूपात) :

«मी सांगली जिल्ह्यातील कबड्डीपटू आहे. वय ३१. शाळेपासून चढाई करत आले, राज्याकडून आणि पुढे रेल्वेकडून खेळले, आणि खेळाडूंसाठीच्या राखीव जागेतून मिळालेल्या रेल्वेतील नोकरीला आता ९ वर्षे झाली. उजव्या गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रियांनंतर गेल्या वर्षी खेळ थांबवावा लागला. काही महिन्यांपूर्वी एका सत्कार समारंभातील माझे भाषण ऐकून एका निर्मात्यांनी मला बोलावले. त्यांच्या दैनंदिन मालिकेत महिला पोलीस निरीक्षकाची दुय्यम भूमिका, आणि त्यासोबत खेळाडूंच्या मुलाखतींच्या साप्ताहिक कार्यक्रमाचे सूत्रसंचालन, असे दोन्ही मिळून एकच करारपत्र त्यांनी दिले आहे. सही करण्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. बाबा म्हणतात, सरकारी नोकरीवर पाणी सोडू नकोस. प्रशिक्षक सर तर बोलेनासेच झाले आहेत. नवऱ्याचे म्हणणे असे की, मला जे वाटेल ते करावे, पण मला काय वाटते हेच कळत नाही. मी अभिनय कधी शिकलेली नाही, माझ्या बोलण्यात गावाकडचा हेल आहे, आणि या वयात नव्याने सुरुवात करावी का, अशी भीती वाटते. करारपत्राची प्रत सोबत जोडली आहे.» — एक चढाईपटू

सप्रेम नमस्कार.

मुदत संपण्यापूर्वी तुम्हाला दोन ओळींचे उत्तर पाठवले होते. ते असे की करारावर आहे त्या स्वरूपात सही करू नका आणि नोकरीचा राजीनामा तर मुळीच देऊ नका. त्यावर तुम्ही निर्मात्यांकडून महिनाभराची मुदत वाढवून घेतलीत आणि सविस्तर उत्तर या सदरातून देण्यास संमती दिलीत, म्हणून आता जरा विस्ताराने लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. सूत्रसंचालनाचे काम तुम्ही रेल्वेची लेखी परवानगी घेऊन अवश्य करावे, मालिकेची भूमिका मात्र करारातील दोन कलमे बदलल्याशिवाय आणि आणखी काही महिने गेल्याशिवाय स्वीकारू नये.

तुमच्या पत्रात नोकरीविषयी एक संपूर्ण पान आहे, बोलण्यातील हेलाविषयी अर्धे पान आहे, आणि गुडघ्याविषयी एकच वाक्य आहे. दोन शस्त्रक्रिया आणि सुटलेला खेळ एका वाक्यात उरकणाऱ्या माणसाला त्याविषयी बरेच बोलायचे असते, असा माझा अनुभव आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो आणि तुम्हाला सलील अंकोला यांची आठवण करून देतो.

सोलापुरात जन्मलेला हा उंच, देखणा वेगवान गोलंदाज. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीच्या ज्या कसोटीत सचिन तेंडुलकर प्रथम खेळला, त्याच कसोटीत अंकोला यांचेही पदार्पण झाले. ती त्यांची पहिली आणि शेवटची कसोटी ठरली. पुढे १९९७ पर्यंत ते २० एकदिवसीय सामने खेळले, पण पायाच्या हाडात गाठ निघाल्यामुळे वयाच्या तिशीच्या आतच क्रिकेट सोडण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यांनी छोट्या पडद्याची वाट धरली. हिंदी मालिकांमध्ये त्यांना कामे मिळाली, २००० साली «कुरुक्षेत्र» या हिंदी चित्रपटात ते दिसले, आणि क्रिकेटपटू म्हणून ज्यांना त्यांचे नाव माहीत नव्हते अशा घरांतही त्यांचा चेहरा पोहोचला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की एक दार बंद झाले आणि लगेच दुसरे उघडले. पण नंतरच्या मुलाखतींतून त्यांनी स्वतःच सांगितले आहे की खेळ सुटल्याची सल गेली नव्हती, क्रिकेट पाहणेही त्यांना नकोसे झाले होते, आणि मधली काही वर्षे दारूच्या व्यसनात गेली. त्या गर्तेतून ते बाहेर आले, डिसेंबर २०२० मध्ये मुंबईच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय निवड समितीवर गेले. म्हणजे अभिनयाचा इतका मोठा वळसा घालून हा माणूस अखेर मैदानाशीच येऊन उभा राहिला.

अभिनयामुळे त्यांचे नुकसान झाले असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट पोटापाण्याचा प्रश्न अभिनयानेच सोडवला. मला एवढेच दिसते की खेळ स्वेच्छेने सोडणे आणि शरीराने तो हिसकावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या प्रकारात माणूस नव्या कामाकडे काम म्हणून न पाहता जखमेवरची पट्टी म्हणून पाहू लागतो. तुमचा खेळ सुटून जेमतेम वर्ष झाले आहे. तुम्ही अजून मैदानावर प्रेक्षक म्हणून जाऊन बसला आहात का? आपल्याच जुन्या संघाचा एखादा सामना, आपल्या जागी दुसरी मुलगी चढाईला जात असताना, शेवटपर्यंत पाहिला आहे का? पाहिला नसेल, तर सही करण्यापूर्वी पाहून या. तो सामना पाहवला नाही, तर मालिकेच्या सेटवर रोज १२ तास हसतमुखाने उभे राहणे त्याहून कठीण जाईल.

आता भूमिकेकडे येऊ. तुम्हाला पोलीस निरीक्षकाची भूमिका देऊ केली आहे आणि करारासोबतच्या टिपणात तिचे वर्णन «धडाडीची, दार तोडून आत शिरणारी» असे केले आहे. खेळाडूला पडद्यावर पहिली भूमिका मिळते ती बहुधा त्याच्या शरीराला मिळते. जलतरणात १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये मिळून ५ सुवर्णपदके जिंकणारे जॉनी वाइसमुलर १९३२ पासून १२ चित्रपटांत टारझन झाले, आणि त्यानंतर प्रेक्षकांना ते जंगलाबाहेर फारसे रुचले नाहीत. आपल्याकडे प्रवीण कुमार यांनी १९६६ आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धांमध्ये थाळीफेकीत सुवर्णपदक मिळवले, दोन ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले, सीमा सुरक्षा दलात नोकरी केली, तरीही देश त्यांना ओळखतो तो १९८८ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनवरील «महाभारत»मधला भीम म्हणून. इतकी घराघरांतली ओळख मिळूनही उतारवयात खेळाडू म्हणून राज्य सरकारकडून आपल्याला निवृत्तिवेतन मिळत नसल्याची खंत त्यांना जाहीरपणे बोलून दाखवावी लागली, हे तुमच्या वडिलांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. दारासिंगांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांनी कुस्ती आणि चित्रपट ही दोन्ही क्षेत्रे वर्षानुवर्षे सोबत सांभाळली, आणि ज्या हनुमानासाठी लोक आजही त्यांना हात जोडतात ती दूरदर्शनच्या «रामायणा»तील भूमिका त्यांना १९८७ मध्ये, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर असताना मिळाली. तेव्हा ३१ हे वय या व्यवसायात उशिराचे नाही. नायिकेच्या भूमिकांसाठी दूरचित्रवाणीचे जग वयाबाबत निर्दयपणे वागते हे खरे, पण तुम्हाला नायिकेची भूमिका देऊ केलेली नाही, आणि निरीक्षक, वकील, मोठी बहीण, शाळेतील बाई अशा भूमिकांना चाळिशीतही मागणी असते.

निर्मात्यांकडे पहिल्या १० भागांची पटकथा मागा. दैनंदिन मालिकेत संवाद पुष्कळदा चित्रीकरणाच्या आदल्या रात्री, कधी त्याच सकाळी हाती येतात, त्यामुळे पूर्ण पटकथा मिळणार नाही, पण पात्राची रूपरेषा तरी त्यांच्याकडे असलीच पाहिजे. तीत या निरीक्षकाचे घर आहे का, तिला कोणाची भीती वाटते का, ती कोणाशी खोटे बोलते का, हे पाहा. यांपैकी काहीच नसेल आणि केवळ दारे तोडायची असतील, तर त्यांना अभिनेत्री नको आहे, बळकट खांदे हवे आहेत. त्यातही कमीपणा नाही. मात्र तशा भूमिकेतून अभिनय शिकता येत नाही, आणि ज्या गुडघ्याने तुमचा खेळ थांबवला त्याच गुडघ्यावर पुन्हा भार येतो. मारामारीच्या प्रसंगांत तुमच्याऐवजी प्रशिक्षित बदली कलाकार असेल का, आणि सेटवर दुखापत झाली तर उपचारांचा खर्च कोण करणार, हे करारात एका शब्दानेही आलेले नाही.

तुम्हाला एकाच कागदावर देऊ केलेली दोन कामे वस्तुतः दोन भिन्न व्यवसाय आहेत. सुनील गावसकर यांनी १९८० मध्ये «सावली प्रेमाची» या मराठी चित्रपटात नायकाची भूमिका केली होती, हे आजच्या पिढीतील अनेकांना ठाऊकही नसेल. समालोचक म्हणून मात्र त्यांची दुसरी कारकीर्द पहिलीपेक्षा कितीतरी लांब झाली. संदीप पाटील १९८३ च्या विश्वविजयानंतर, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, «कभी अजनबी थे» या १९८५ च्या चित्रपटात नायक झाले. चित्रपट चालला नाही, आणि पुढे त्यांनी «एकच षटकार» या मराठी क्रीडापाक्षिकाचे संपादन केले, केनियाच्या संघाला २००३ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत नेले, राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपद भूषवले. दोघांनाही अभिनयाने हुलकावणी दिली, पण खेळाविषयी बोलण्याने आणि लिहिण्याने दिली नाही. इंग्लंडमध्ये गॅरी लिनेकर यांचे असेच झाले. १९८६ च्या फुटबॉल विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे ६ गोल करणारा हा खेळाडू निवृत्तीनंतर आधी तज्ज्ञ म्हणून कॅमेऱ्यासमोर बसला, मग लहान कार्यक्रम हाताळू लागला, आणि १९९९ पासून २०२५ पर्यंत बीबीसीच्या सर्वांत प्रसिद्ध फुटबॉल कार्यक्रमाचा मुख्य सूत्रधार राहिला. थेट मुख्य खुर्चीत त्यांना कोणी बसवले नव्हते.

याच्या उलट उदाहरणही देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की मी मुद्दाम एकाच बाजूचे साक्षीदार उभे केले. अमेरिकेतील टेरी क्रूज हे तेथील फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होते. त्यांची निवड अकराव्या फेरीत झाली होती, म्हणजे ते नामांकित खेळाडू नव्हते. १९९७ मध्ये खेळ सोडून लॉस एंजेलिसला आल्यावर जवळचे पैसे संपले, तेव्हा त्यांनी कारखान्यात झाडू मारण्याचे काम केले, चित्रीकरणस्थळी सुरक्षारक्षक म्हणून उभे राहिले, आणि तिथून हळूहळू विनोदी अभिनेते झाले. २०१९ पासून ते एका मोठ्या कलागुणदर्शन कार्यक्रमाचे सूत्रसंचालनही करत आहेत. त्यांच्या पाठीशी प्रसिद्धी नव्हती. कदाचित म्हणूनच नवशिके होण्याची त्यांना लाज वाटली नाही, असे मला वाटते. खेळातील नावामुळे पडद्याचे दार एकदाच उघडते, आत गेल्यावर तुम्ही पुन्हा कुमार गटातील खेळाडू असता. वीस वर्षे मैदान गाजवलेल्या माणसाला हेच सर्वांत जड जाते, आणि तुमच्याविषयी मला थोडी चिंता वाटते तीही येथेच.

मैदानावर निकाल गुणफलकावर लागलेला असतो. चढाई यशस्वी झाली की फसली, हे पंचांचा हात वर होताच सगळ्यांना कळते. सेटवर दिग्दर्शक «छान» म्हणतो, तो प्रसंग चांगला झाला म्हणून म्हणतो की प्रकाश मावळत आला आहे म्हणून, हे कळायला वर्षे जातात. दर गुरुवारी येणारा टीआरपी हा मालिकेचा गुणफलक असतो, तुमच्या अभिनयाचा नव्हे, आणि त्याच आकड्यावर चांगले काम करणाऱ्या कलाकाराचे पात्रही एका आठवड्यात परगावी पाठवले जाते. या अनिश्चिततेची सवय तुम्हाला नाही. पण तुमच्याजवळ असे काही आहे जे नाट्यशाळेतून आलेल्या अनेक मुलामुलींना कष्टाने शिकावे लागते. चढाईपटू समोरच्या सात जणींच्या पायांकडे पाहत असते, कोपऱ्यावरची बचावपटू कधी झेप घेईल याचा अंदाज तिला त्या बचावपटूच्या टाचेवरून येतो, आणि हे सारे चालू असताना तोंडातला दम तुटू द्यायचा नसतो. म्हणजे श्वास, नजर आणि समोरच्याची हालचाल यांचे भान तुम्हाला एकाच वेळी ठेवता येते. सहकलाकाराचे वाक्य संपण्याची नुसती वाट न पाहता ते खरोखर ऐकणे हा अभिनयाचा पाया मानला जातो, आणि तुम्ही ते वेगळ्या नावाने वीस वर्षे करत आला आहात. ठरलेल्या खुणेवर खाली न पाहता नेमके थांबणे ही गोष्ट नवख्यांना आठवडे छळते. बोनस रेषेचा अंदाज खाली न पाहता घेणाऱ्या तुम्हाला ती दोन दिवसांत जमेल. जमणार नाही ते वेगळेच आहे. रडण्याचा एकच प्रसंग आधी लांबून, मग जवळून, मग समोरच्या पात्राच्या खांद्यावरून, असा चार-पाच वेळा द्यायचा आणि दर वेळी तो पहिल्यांदाच घडतो आहे असे वाटले पाहिजे, ही कसरत केवळ जिद्दीने साधत नाही. त्यासाठी शिकावे लागते.

शिकण्यासाठी तुम्हाला दूर जाण्याचीही गरज नाही, आणि तुमच्या पत्रातील ही उणीव मला थोडी गंमतीचीच वाटली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये «सीता स्वयंवर» केले ते सांगलीत. ज्या ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो याच प्रयोगाच्या स्मरणार्थ. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावाच्या परिसरातील मुलगी «अभिनय शिकायला कुठे जाऊ» असे विचारते! राज्य नाट्यस्पर्धेसाठी दरवर्षी तालमी करणाऱ्या हौशी संस्थांपैकी एखादीत जा, पडदा ओढण्यापासून सुरुवात करा, आणि एका तरी नाटकात लहान का होईना भूमिका करा. मी काही वर्षे अशा स्पर्धांचे परीक्षण केले आहे, आणि तिसऱ्या अंकात एकच वाक्य असलेल्या माणसाने महिनाभर रोज तालमीला येऊन जे कमावले ते प्रमुख भूमिका करणाऱ्यांना कमावता आले नाही, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. पुढे वाटलेच तर पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठातील नाट्यप्रशिक्षण विभाग किंवा पुण्यातील चित्रपट संस्थेचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आहेत. «लगेच भूमिका मिळवून देतो, आधी नोंदणी शुल्क भरा» असे म्हणणाऱ्या कोणालाही मात्र एक रुपयाही देऊ नका.

हेलाविषयी तुम्ही उगाच ओशाळला आहात. कृष्णाकाठची बोली हे तुमचे वैगुण्य नाही. प्रमाण मराठी तिच्या जागी आणायची नसून तिच्या शेजारी बसवायची आहे, म्हणजे पात्राला जी हवी ती वापरता येईल. रोज सकाळी वर्तमानपत्रातील एक स्फुट मोठ्याने वाचा, ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. आठवड्यातून एकदा त्याच मजकुरातील एखादी ओळ आपल्या घरच्या बोलीत सांगा. सांगलीत आकाशवाणीचे केंद्र आहे, तेथे नैमित्तिक निवेदकांसाठी स्वरचाचणी होते तेव्हा अर्ज करा. मायक्रोफोनपुढे एकट्याने बोलण्याइतका प्रामाणिक आरसा दुसरा नाही.

सूत्रसंचालनाविषयी मी आग्रही आहे त्याला कारण आहे. २०१४ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाल्यापासून पुरुषांची कबड्डी घराघरांत पोहोचली, पण महिलांच्या वाट्याला बराच काळ २०१६ मधील तीन संघांची एक छोटी स्पर्धा तेवढी आली. २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला हरवले, आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षिका नाशिकच्या शैलजा जैन होत्या. अशा व्यक्तीची मुलाखत घेताना सामान्य निवेदक «कसे वाटले?» असे विचारेल. इराणी मुलींच्या पकडीत भारतीय चढाईपटू का अडकत गेल्या, परक्या भाषेत पकडीचा क्षण शिकवता कसा आला, आपल्याच देशाविरुद्ध डाव रचताना त्या रात्री झोप लागली का, हे प्रश्न तुम्हालाच सुचतील. मात्र खेळाडूंमधून आलेल्या सूत्रसंचालकांचा एक ठरावीक दोष असतो, तो आधीच सांगून ठेवतो. त्यांना उत्तर माहीत असते म्हणून ते प्रश्नातच उत्तर देऊन टाकतात, आणि पाहुण्याला «हो, बरोबर» एवढेच म्हणणे उरते. प्रश्न एका वाक्याचा असावा. पाहुणा थांबला तर तीन सेकंद गप्प राहावे, कारण खरे उत्तर बहुधा त्या शांततेनंतर येते. आणि कानातल्या यंत्रातून निर्माता «एक मिनिट उरले» असे सांगत असताना चेहरा पाहुण्याकडेच राहिला पाहिजे. याचा सराव घरी करता येतो. कोणाशी तरी बोलत असताना दुसऱ्या कानात रेडिओ लावून ठेवा, चार दिवस वेड लागल्यासारखे वाटेल, पाचव्या दिवशी जमू लागेल.

आता नोकरी. रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ यांनुसार पूर्वपरवानगीशिवाय दुसरी नोकरी किंवा व्यवसाय करता येत नाही, मात्र अधूनमधून केलेल्या साहित्यिक वा कलाविषयक कामाला, मूळ कर्तव्यात बाधा येत नसेल तर, त्यांत सवलत आहे. महिन्यातून दोन दिवस सुट्टी घेऊन चार मुलाखती चित्रित करणे या सवलतीत बसू शकेल, पण नियमित मानधन मिळणार असल्याने तेही गृहीत न धरता लेखी अर्ज करून परवानगी घ्या. महिन्याला २० दिवस, सकाळी ९ ते रात्री ९ चालणारी दैनंदिन मालिका कोणत्याही अर्थाने «अधूनमधून» ठरत नाही. बिनपगारी रजा घेऊन मालिका करावी असे तुमच्या एका मैत्रिणीने सुचवल्याचे तुम्ही लिहिले आहे. रजेवर असतानाही खासगी काम स्वीकारायला मंजुरी लागते, त्यामुळे तो मार्ग वाटतो तितका सोपा नाही. कार्यालयातील कार्मिक विभागात जाऊन बसा आणि तोंडी आश्वासनावर विसंबू नका. खेळाडू म्हणून आजवर तुमची रजा साहेबांच्या एका शब्दावर मंजूर होत आली असेल, पण ती खेळासाठी होती.

करारातील दोन कलमांचा उल्लेख मी सुरुवातीला केला. सातव्या कलमानुसार पुढील २ वर्षे तुम्ही अन्य कोणत्याही वाहिनीवर, मंचावर किंवा जाहिरातीत दिसायचे नाही. मात्र निर्मात्यांनी तुम्हाला महिन्याला किमान किती दिवस काम द्यायचे, याचा उल्लेख कोठेही नाही. तुम्ही बांधलेल्या आणि ते मोकळे, असा हा व्यवहार झाला. अशा कलमाचे वजन किती असते ते अंकोला यांच्याच बाबतीत दिसले होते. २००६ मध्ये एका लोकप्रिय वास्तवदर्शी कार्यक्रमात ते सहभागी झाले, पण आधीच्या मालिकेच्या करारातील अशाच बंधनामुळे प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यांना तो कार्यक्रम मध्येच सोडावा लागला. तेव्हा बंधन घालायचे असेल तर ते केवळ दैनंदिन मालिकांपुरते असावे, मालिका बंद झाल्याच्या दिवशी संपावे, आणि त्याच्या बदल्यात महिन्याला ठरावीक दिवसांच्या मानधनाची हमी असावी. अकरावे कलम त्याहून विचित्र आहे. तुमचे नाव, छायाचित्र आणि «क्रीडाजीवनाविषयीचे सर्व हक्क» ते निर्मात्यांना कायमचे देते. उद्या तुम्ही मुलींसाठी कबड्डीचे प्रशिक्षण केंद्र काढलेत, तर त्याच्या फलकावर स्वतःचा फोटो लावण्यापूर्वी वकिलाला विचारावे लागेल. हे कलम पूर्णपणे काढून टाकण्यास सांगा, आणि सूत्रसंचालनासाठी स्वतंत्र करार मागा.

पैशाचे गणितही नीट मांडा. मालिकेतील मानधन दिवसावर ठरते, चित्रीकरणानंतर साधारण ९० दिवसांनी हाती येते, आणि त्यातून १० टक्के कर आधीच कापला जातो. म्हणजे पहिले तीन महिने प्रवास, राहणे आणि कपड्यांचा काही खर्च तुम्हालाच पदरचा करावा लागेल. निर्मात्यांनी सांगितलेल्या आकड्याला ३० ने गुणून तुम्ही पत्रात जे मासिक उत्पन्न काढले आहे, ते बाजूला ठेवून त्याच आकड्याला १२ किंवा १५ ने गुणून पाहा, कारण दुय्यम भूमिकेला रोज बोलावणे नसते, आणि त्याची तुलना रेल्वेचा पगार, वैद्यकीय सुविधा व निवृत्तीनंतरची तरतूद यांच्याशी करा. वडिलांशी वाद घालण्यापेक्षा हा कागद त्यांच्यापुढे ठेवा. त्यांची भीती तुमच्या धाडसाविषयी नसून या आकड्यांविषयी आहे.

प्रशिक्षक सरांचे मात्र आकड्यांनी भागणार नाही. ज्यांनी तुमच्या दोन्ही शस्त्रक्रियांनंतर पुन्हा उभे राहायला शिकवले, त्यांना तुमच्या अभिनयाविषयी राग असण्यापेक्षा तुम्ही मैदानाकडे पाठ फिरवल्याचे दुःख अधिक असावे. मी वर जो सामना पाहून यायला सांगितला आहे, तो त्यांच्या शेजारी बसून पाहा. कार्यक्रम सुरू झालाच, तर पहिला पाहुणा कोण असावा हे मला वेगळे सांगायला नको.

कोणालाही न शिवता परतायचे असले तरी चढाईपटूला समोरच्या संघाच्या अंगणातली निदान रेषा ओलांडावीच लागते, नाहीतर ती बाद होते, हे तुम्ही मला शिकवाल. म्हणून नुसता नकार कळवून मागे फिरू नका. निर्मात्यांना या आठवड्यात एक विनयशील पत्र लिहा. सूत्रसंचालनासाठी आपण, कार्यालयाच्या परवानगीच्या अधीन राहून, तयार आहोत, त्याचा निराळा करार १३ भागांसाठी करावा, आणि मालिकेतील भूमिकेविषयी पात्राची रूपरेषा, बदली कलाकाराची तरतूद, सातव्या कलमातील दुरुस्ती व अकरावे कलम वगळलेला मसुदा मिळाल्यावर पुढील तीन-चार महिन्यांत बोलू, एवढा मजकूर पुरे. त्यांना खरोखरच तुम्ही हव्या असाल तर ते थांबतील. दैनंदिन मालिकेला थांबण्याची सवड नसते, त्यामुळे निरीक्षकाची वर्दी दुसऱ्या कोणाच्या अंगावर चढण्याचीही शक्यता आहे, आणि तसे झाले तर एखादी रात्र वाईट जाईल. त्या रात्री मला पुन्हा पत्र लिहायला हरकत नाही. रेल्वेच्या परवानगीचा अर्ज मात्र त्याआधी, सोमवारीच द्या, आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका.